दीड टन, पाच स्टार, आर-३२: एसीचे लेबल वाचताना

एप्रिल लागला की इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तेच शब्द पुन्हा पुन्हा कानावर पडू लागतात. दीड टन, पाच स्टार, इन्व्हर्टर, शंभर टक्के कॉपर, आर-३२ गॅस. नागपूरच्या सीताबर्डीत असो की ठाण्याच्या बाजारात, सेल्समन हे सगळे एका दमात म्हणतो आणि समोरच्या कुटुंबाला अर्थ विचारायचा संकोच वाटतो. मग चाळीस-पन्नास हजारांची वस्तू शेजाऱ्यांकडे कुठली आहे आणि सूट किती मिळते, या दोनच गोष्टींवर ठरते. विजेचे बिल मात्र पुढची आठ-दहा वर्षे त्या न विचारलेल्या शब्दांप्रमाणे येत राहते.

हे शब्द मुळात अवघड नाहीत. एक गोष्ट आधी पक्की समजली की बाकीचे आपोआप उलगडतात: एसी थंडी तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. आतल्या युनिटच्या कॉइलमध्ये गॅस द्रवरूपात येतो, कमी दाबामुळे तिथे उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता खोलीतल्या हवेतून ओढून घेतो. बाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर त्या वाफेवर दाब देतो, तिचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षाही वर जाते, आणि बाहेरच्या कॉइलमधून उष्णता वाऱ्यावर सोडून तो गॅस पुन्हा द्रव होऊन आत परततो. कॉम्प्रेसर म्हणजे उष्णतेचा हमाल. एका तासात तो किती ओझे वाहतो हे ‘टन’ सांगतो, आणि तेवढ्या कामाची विजेच्या रूपात किती मजुरी घेतो हे ‘स्टार’ सांगतात. मजुरी फक्त वाहण्याची असल्यामुळेच एका युनिट विजेत तीन, चार, पाच युनिट उष्णता हलवता येते.

टन हे माप बर्फाच्या व्यापारातून आले. थंडावा देणारी यंत्रे नव्हती तेव्हा अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात दडपून, जहाजांनी उष्ण देशांत पाठवला जाई. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याचा बर्फ १८३३ मध्ये ‘टस्कनी’ जहाजातून कोलकात्याला उतरला. पुढे तो मुंबई आणि मद्रासलाही येऊ लागला आणि तो साठवायला बर्फघरे बांधली गेली. मद्रासचे बर्फघर आज विवेकानंदर इल्लम म्हणून उभे आहे. यंत्रे आली तेव्हा त्यांची ताकद बर्फाच्याच हिशोबात सांगितली जाऊ लागली. एक अमेरिकी टन, म्हणजे २,००० पौंड किंवा सुमारे ९०७ किलो बर्फ, चोवीस तासांत पूर्ण वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी उष्णता चोवीस तासांत ओढून घेणारे यंत्र एक टनाचे. तासाला १२,००० बीटीयू म्हणतात ते हेच, आणि वॅटमध्ये सांगायचे तर ३,५१७ वॅट. हे वॅट उष्णतेचे आहेत, विजेचे नाहीत. दीड टनाचा एसी सव्वापाच हजार वॅट उष्णता हलवतो, पण वीज पूर्ण जोरात चालतानाही साधारण दीड हजार वॅटच्या आसपास घेतो.

दुकानात मात्र ‘दीड टन’ हे आता बहुतेक वेळा ढोबळ नाव म्हणूनच वापरले जाते. गणिताने दीड टन म्हणजे ५,२७५ वॅट. प्रत्यक्षात त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या यंत्रांपैकी एकाच्या लेबलवर ५,२०० वॅट दिसतील, दुसऱ्याच्या ४,७००. दोन्हींची किंमत जवळपास सारखी असेल, तर घेणाऱ्याने टनाचा आकडा बाजूला ठेवून कूलिंग कपॅसिटीचे वॅट पाहावेत. इन्व्हर्टर एसीच्या लेबलवर ते दोनदा छापलेले असतात, एकदा पूर्ण क्षमतेचे आणि एकदा अर्ध्या क्षमतेचे.

वॅटचा आकडाही एका ठरलेल्या परिस्थितीतला असतो. प्रयोगशाळेत बाहेरची हवा ३५ अंश आणि आतली २७ अंश ठेवून क्षमता मोजतात. पुण्याला किंवा मुंबईला ते बऱ्यापैकी लागू पडते. चंद्रपूर, अकोला, नागपूर इथे मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४५ अंश असतात, तेव्हा उष्णता बाहेर टाकणे कठीण होते, क्षमता घटते आणि वीज वाढते. ‘बावन्न अंशांतही चालतो’ या जाहिरातीचा अर्थ यंत्र बंद पडत नाही, एवढाच. त्या तापमानाला ते पूर्ण दीड टन देते, असे त्यातून निघत नाही. काही उत्पादक ४६ किंवा ४८ अंशांतली क्षमता माहितीपत्रकात वेगळी देतात. विदर्भातल्या ग्राहकाने तो आकडा जरूर मागावा.

खोलीला किती टन लागतील याचा दुकानातला हिशोब चौरस फुटांवर चालतो: १२० पर्यंत एक टन, १८० पर्यंत दीड, त्यापुढे दोन. सुरुवातीला तो ठीक आहे, पण खोलीत उष्णता नेमकी कुठून येते हे तो विचारत नाही. वरच्या मजल्यावरच्या खोलीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहापर्यंत उष्णता आत सोडत राहतो. पश्चिमेची भिंत, पडदा नसलेली मोठी काच, शेजारचे उघडे स्वयंपाकघर, रात्री खोलीत झोपणारी चार माणसे, हे सगळे त्या हमालाचे ओझे वाढवतात. तळमजल्यावरच्या उत्तरेकडच्या १५० चौरस फुटांच्या खोलीला एक टन पुरेल आणि गच्चीखालच्या तेवढ्याच खोलीला दीडही अपुरा पडेल. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग देणे किंवा पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छज्जा-पडदा लावणे, हा खर्च एसीच्या आधी करण्यासारखा आहे. त्याने टनाची एक पायरी खाली येऊ शकते.

आता स्टारकडे येऊ. घरगुती उपकरणांवरचे स्टार देते ती केंद्र सरकारची ‘ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिएन्सी’, म्हणजे बीईई. ही संस्था २००२ मध्ये सुरू झाली आणि लेबलांची योजना २००६ मध्ये. एसीचे स्टार ज्या आकड्यावरून ठरतात त्याला आयएसईईआर म्हणतात: इंडियन सीझनल एनर्जी एफिशिएन्सी रेशो. पूर्वी एकाच तापमानाला एकदाच मोजून गुणोत्तर काढत. आयएसईईआरमध्ये बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंशांपर्यंत बदलत जाते, कुठले तापमान वर्षात किती तास असते याचा भारतीय हिशोब धरला जातो, आणि एकूण १,६०० तासांत किती उष्णता हलवली व त्यासाठी किती वीज लागली, याचा भागाकार काढला जातो. जानेवारी २०१८ पासून हे माप सक्तीचे आहे.

स्टारपेक्षा हा आकडा महत्त्वाचा आहे, याला दोन कारणे आहेत. पहिले असे की स्टारची पट्टी स्थिर राहत नाही. २०१८ च्या तक्त्यात स्प्लिट एसीला पाच स्टारसाठी ४.५० पुरत होते. जुलै २०२२ पासून ५.०० लागू लागले. म्हणजे ४.६ चे यंत्र २०२१ मध्ये पाच स्टारचे होते आणि तेच यंत्र वर्षभराने चार स्टारचे झाले. पट्टी वेळोवेळी अशी वर सरकवली जाते, म्हणून लेबलवर ते कुठल्या काळासाठी आहे हे छापलेले असते. सवलतीत जुना साठा विकला जात असेल तर ती ओळ आधी वाचावी. दुसरे कारण म्हणजे विंडो आणि स्प्लिट एसीचे तक्ते वेगळे आहेत. त्याच २०२२ च्या तक्त्यात विंडो एसीला ३.५० वरच पाच स्टार मिळत आणि स्प्लिटला ३.८० वर तीन. त्यामुळे पाच स्टारचा विंडो एसी तीन स्टारच्या स्प्लिटपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. नुसते स्टार मोजणाऱ्या ग्राहकाच्या हे लक्षात येणे अशक्य आहे.

लेबलवरचा वार्षिक युनिटांचा आकडाही त्याच १,६०० तासांचा असतो, म्हणजे रोज आठ तास, दोनशे दिवस. मुंबईत हे वास्तवाच्या जवळ जाते. पुण्यात ज्यांचा एसी एप्रिल-मे मधल्या रात्रीच काही तास चालतो, त्यांचे वर्षाचे चारशे तासही होत नाहीत. समजा, ३.८५ आयएसईईआरचे एक यंत्र वर्षाला १,००० युनिट खाते. तेवढेच काम ५.०० चे यंत्र ७७० युनिटांत करेल. २३० युनिट वाचले. दर दहा रुपये धरला तर वर्षाला २,३०० रुपये. दोन यंत्रांच्या किमतीत ८,००० रुपयांचा फरक असेल, तर मुंबईकराचे पैसे साडेतीन वर्षांत वसूल होतात. चारशे तास वापरणाऱ्याला मात्र तेवढ्याच वसुलीला चौदा वर्षे लागतात, आणि तोवर यंत्र थकलेले असते. थोडक्या वापरासाठी चांगले तीन स्टारचे यंत्र घेण्यात काहीही कमीपणा नाही. या हिशोबात दर धरताना एक काळजी घ्यावी. महावितरणच्या बिलात युनिट वाढतील तसा स्लॅब चढतो, आणि एसीचे युनिट घरातल्या इतर वापराच्या वर चढत असल्यामुळे ते सर्वांत महागड्या स्लॅबमध्ये पडतात. म्हणून बिलाचा सरासरी दर न धरता उन्हाळ्याच्या बिलातल्या शेवटच्या स्लॅबचा दर धरावा.

‘इन्व्हर्टर’ या शब्दाने मराठी घरांत हमखास गोंधळ होतो, कारण भारनियमनाच्या वर्षांपासून इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीवर दिवे-पंखे चालवणारा डबा. इन्व्हर्टर एसी वीज गेल्यावर चालत नाही. त्याच्या कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करता येतो, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने धावतो, खोली गार झाली की थांबतो, पुन्हा धावतो. इन्व्हर्टरवाला खोली गार झाल्यावर वेग उतरवून हळूहळू चालत राहतो, आणि संथ चालताना त्याला दर युनिट उष्णतेमागे वीजही कमी लागते. ‘फाइव्ह इन वन कन्व्हर्टिबल’ म्हणून जे विकले जाते ते याच गुणाचे बटण आहे. क्षमतेला वरून मर्यादा घालायची सोय. एकट्या माणसाने रात्री साठ टक्क्यांवर चालवावे, पाहुणे आले की शंभरावर न्यावे.

रिमोटवर १८ लावले म्हणजे खोली लवकर गार होते, हा समज मात्र काढून टाकायला हवा. सुरुवातीला यंत्र तसेही जोरातच चालते. १८ मुळे ते फक्त थांबायचे किंवा मंदावायचे विसरते. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसीत सुरू करताच २४ अंश लागावेत असा नियम आहे, आणि तापमान एक अंश वर ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते असे बीईई सांगते. २६ अंश आणि सोबत संथ पंखा ही जोडी बहुतेकांना झोपेसाठी पुरते.

ज्या गुणाबद्दल लेबल काहीच बोलत नाही तो गुण कोकणपट्टीला सर्वांत जास्त हवा असतो. हवेतला दमटपणा काढण्याचा. आधुनिक एसीचा जन्मच त्यासाठी झाला. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगावर रंग नीट बसायचा नाही. तेव्हा विलिस कॅरियर या पंचवीस वर्षांच्या अभियंत्याने हवा थंड कॉइलवरून नेऊन तिच्यातले पाणी गाळून काढणारी यंत्रणा आखली. आजही एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हीच त्या कामाची खूण आहे. टनातला मोठा वाटा या बाष्पाचे पाणी करण्यात खर्च होतो, विशेषतः मुंबई, रत्नागिरी आणि पणजीला.

म्हणूनच गरजेपेक्षा मोठा एसी घेणे दमट हवेत उलटते. साध्या कॉम्प्रेसरचा दोन टनी एसी छोट्या खोलीत पाच मिनिटांत तापमान उतरवतो आणि थांबतो. पाणी गाळायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार पण चिकट राहते, मग रिमोट आणखी खाली जातो, आणि भिंतींना बुरशीचा वास येऊ लागतो. पावसाळ्यात, जेव्हा उकाडा कमी आणि ओल जास्त असते, तेव्हा रिमोटवरचे ‘ड्राय’ हे बटण वापरावे. त्यात पंखा मंद ठेवून कॉइल जास्त थंड राखली जाते, त्यामुळे पाणी अधिक गळते. वर्षानुवर्षे रिमोट हातात असूनही हे बटण कित्येक घरांत कुणी दाबलेले नसते.

दमटपणाचाच विचार एसी की कूलर हा प्रश्न सोडवतो. कूलर पाण्याचे बाष्प करून हवा गार करतो, त्यामुळे तो हवेला एका मर्यादेखाली नेऊ शकत नाही. थर्मामीटरच्या गोळ्याभोवती ओले फडके गुंडाळले तर जे तापमान दिसते ती ही मर्यादा. हवामानशास्त्रात तिला वेट बल्ब तापमान म्हणतात. नागपूरला मे महिन्यात ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ही मर्यादा २३ अंशांच्या आसपास येते आणि चांगला कूलर २७ अंशांची हवा देऊ शकतो, तेही दोनशे वॅटच्या आसपास वीज घेऊन. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून दुपार काढणाऱ्या विदर्भातल्या पिढ्यांना हे अनुभवाने माहीत होते. मुंबईत ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तेव्हा तीच मर्यादा २८ च्या वर असते. तिथे कूलर चार अंश उतरवण्यासाठी खोलीभर ओल भरतो. विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यात कोरड्या दिवसांत कूलर आणि जूननंतर गरज पडलीच तर एसी, अशी विभागणी खिशाला फार सोयीची पडते. कूलर चालताना समोरची एक खिडकी उघडी हवी, हे मात्र विसरू नये.

गॅसबद्दलचे शब्द ग्राहकाला सर्वांत महागात पडतात. ‘मॅडम, गॅस संपलाय, भरावा लागेल’ हे वाक्य दर उन्हाळ्यात हजारो घरांत ऐकू येते. एसीतला गॅस इंधन नाही, तो जळून संपत नाही. तो बंद नळीत वर्षानुवर्षे फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या मोसमापर्यंत पुन्हा जातो. गृहिणीने किंवा घरमालकाने मेकॅनिकला तीन प्रश्न विचारावेत. गळती कुठे आहे? नायट्रोजन भरून दाब टिकतो का, हे तपासले का? आणि गॅस भरताना वजनकाट्यावर मोजून भरणार का? किती ग्रॅम भरायचा ते बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर छापलेले असते. फिल्टर धुळीने भरला किंवा कॉइल मळली तरीही खोली गार होत नाही आणि कधी कॉइलवर बर्फही धरतो, तेव्हा आधी साफसफाई आणि मग गॅसचा विषय, हा क्रम सोडू देऊ नये.

आर नंतरचा आकडा गॅसचा प्रकार सांगतो. जुन्या यंत्रांतला आर-२२ ओझोनच्या थराला मारक होता. १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानंतर तो जगभर टप्प्याटप्प्याने हटवला जात आहे. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला निर्धोक आहे, पण हवेत सुटला तर किलोमागे दोन हजार किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वातावरणात अडकवतो. आता सर्रास दिसणाऱ्या आर-३२ साठी हा आकडा ६७५ आहे. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन, त्याचा आकडा फक्त ३ च्या आसपास. साताऱ्यातल्या शिरवळच्या कारखान्यात तयार झालेले गोदरेजचे आर-२९० चे एसी २०१२ पासून भारतात विकले गेले, ही महाराष्ट्रासाठी अभिमानाची गोष्ट आहे. प्रोपेन सहज पेट घेतो आणि आर-३२ सुद्धा सौम्य ज्वलनशील आहे. म्हणून या यंत्रांची दुरुस्ती कंपनीने प्रशिक्षित केलेल्या माणसाकडूनच करून घ्यावी, आणि एका यंत्रात दुसऱ्याचा गॅस भरायला कधीही होकार देऊ नये.

‘शंभर टक्के कॉपर’ हा आग्रह बऱ्याच अंशी योग्य आहे. तांब्याची कॉइल फुटली तर गल्लीतला चांगला मेकॅनिकही ती झाळून देतो. अ‍ॅल्युमिनियमची कॉइल बहुतेक वेळा पूर्ण बदलावी लागते. पण तांब्याच्या नळीभोवतीचे पातळ पत्रे बहुधा अ‍ॅल्युमिनियमचेच असतात, आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात आधी तेच खाल्ले जातात. अलिबाग, मालवण, मिरामार अशा ठिकाणी निळा किंवा सोनेरी संरक्षक लेप असलेली बाहेरची कॉइल घ्यावी आणि ती वर्षातून दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुवावी.

इतके करून चांगले यंत्र घरी आले, तरी अर्धे काम फिटिंगचे असते. नवीन तांब्याच्या नळ्या जोडल्यावर त्यांतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने पंधरा-वीस मिनिटे ओढून काढायला हवी. घाईत काही जण यंत्रातलाच थोडा गॅस सोडून हवा हुसकतात. ते थांबवावे. ओल आत राहिली की कॉम्प्रेसरचे आयुष्य कमी होते. बाहेरचे युनिट बंदिस्त ड्राय बाल्कनीत किंवा इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये बसवले तर ते स्वतःचीच तापलेली हवा पुन्हा ओढते, आणि डक्टमध्ये एकावर एक आठ-दहा युनिटे असतील तर वरच्या मजल्यांचे हाल होतात. दोन युनिटांमधली नळी जितकी लांब तितकी क्षमता घटते. साधारण तीन मीटरची नळी यंत्रासोबत मिळते, त्यापुढचे पैसे वेगळे, हे आधी विचारून घ्यावे. स्वतंत्र १६ अँपिअरचा प्लग, जाड वायर आणि एमसीबी तर हवेतच. शिवाय वीजबिलावर ‘मंजूर भार’ किती किलोवॅट लिहिला आहे तेही पाहावे. जुन्या घरांत तो एक-दोन किलोवॅटच असतो आणि एसी लावण्यापूर्वी तो वाढवून घ्यावा लागतो. ‘स्टॅबिलायझर-फ्री’ असे लिहिलेले असले तरी त्यापुढची व्होल्टेजची मर्यादा वाचावी. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज तिच्याही खाली जात असेल तर स्टॅबिलायझर हवाच.

थंडाव्याची भाषा झाली; उबेची भाषा महाराष्ट्रात न्हाणीघरापुरतीच असते. तांब्याचा बंब गेला, गीझर आला. गीझरची कॉइल उष्णता हलवत नाही, विजेची उष्णता करते, त्यामुळे एका युनिटात एकच युनिट उष्णता मिळते, कुठल्याही कंपनीचा असला तरी. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला ०.७ युनिट लागते आणि दोन किलोवॅटच्या गीझरला एकवीस मिनिटे. त्यात तेवढेच गार पाणी मिसळले की चाळीस अंशांचे तीस लिटर, म्हणजे दोन माणसांची अंघोळ. मग या गीझरवरचे स्टार कशाचे? पाणी तापल्यावर टाकीच्या भिंतींतून चोवीस तासांत किती उष्णता निसटते, त्याचे. जो गीझर अंघोळीपुरता लावून बंद होतो, त्याच्या बिलात या स्टारने फारसा फरक पडत नाही. कायम चालू ठेवणाऱ्याच्या बिलात पडतो. इन्स्टंट गीझर तीन किलोवॅटचा असला तरी तो पाणी वीस अंशांनी वर नेत मिनिटाला दोन लिटरच देतो, तेव्हा नाशिकच्या जानेवारीत त्याच्याकडून शॉवरची अपेक्षा करू नये. उंच इमारतीत टाकी किती ‘बार’ दाब सोसते तेही पाहावे, आठ बारची असेल तर निश्चिंत. बोअरचे क्षारयुक्त पाणी असेल तर टाकीतला मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड ठरावीक काळाने बदलावा. तो स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो.

हीट पंप गीझर मात्र एसीच्याच तत्त्वावर चालतो. बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो, त्यामुळे एका युनिटात तीनच्या आसपास युनिटांचे काम होते. महाग आहे, पण मोठ्या कुटुंबाने, लॉजने, वसतिगृहाने हिशोब करून पाहण्यासारखा आहे.

परदेशातल्या मराठी कुटुंबांना या शब्दांचा दुसरा, उबेचा अर्धा भाग लागतो. न्यू जर्सीत किंवा शिकागोत घर घेतले की तळघरात गॅसवर घर तापवणारी फर्नेस भेटते आणि तिच्यावर एएफयूई नावाचा टक्का असतो. ८० म्हणजे जळलेल्या गॅसच्या उष्णतेचा पाचवा हिस्सा धुराड्यातून गेला. ९५ म्हणजे धुरातल्या बाष्पाचीही उष्णता वसूल झाली. तिथल्या एसीवरचा एसईईआर किंवा २०२३ पासूनचा एसईईआर-२ भारतीय आयएसईईआरपेक्षा मोठा दिसतो, कारण त्यात उष्णता बीटीयूमध्ये आणि वीज वॅट-तासांत मोजतात. एसईईआरला ३.४१ ने भागले की भारतीय आकड्याशी साधारण तुलना होते, म्हणजे तिथला १७ हा इथल्या ५ च्या जवळपास. चाचणीची तापमाने वेगळी असल्याने ही तुलना ढोबळच राहते. हीट पंप असेल तर थर्मोस्टॅटवर ‘ऑक्झिलरी’ किंवा ‘इमर्जन्सी हीट’ दिसते. तिथे बहुतेक वेळा साधी विजेची कॉइल कामाला लागते आणि एका युनिटात एकच युनिट उष्णता मिळू लागते. विनाकारण ते चालू राहिले तर महिन्याचे बिल दचकवते.

गॅस जाळून ऊब मिळवणाऱ्या प्रत्येक घराला, मग ते न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये असो वा सांगलीत, एक धोका सारखाच आहे. अपुऱ्या हवेत जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण त्यात मुद्दाम वासाचे रसायन मिसळलेले असते. मोनॉक्साइडबाबत अशी कुठलीही सूचना मिळत नाही. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि त्याचा धूर नळीने बाहेर काढावा. आत असेल तर बादली आधी भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्यावी आणि मगच अंघोळीला जावे. अंघोळ करताना डोके जड झाले, मळमळ किंवा चक्कर आली तर ते पित्त किंवा थकवा समजून बसून राहू नये, तत्काळ बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि दवाखाना गाठावा. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये फर्नेस किंवा बॉयलर असलेल्या घरी झोपायच्या खोल्यांजवळ मोनॉक्साइडचा अलार्म लावावा आणि त्याची बॅटरी थंडी सुरू होण्यापूर्वी तपासावी.